विभागाच्या नाट्यमहोत्सवात संगीत नाटक: पदं कापू का?

विंगेतली: एम.ए. नाट्यशास्त्र, दुसरं वर्ष. यंदा विभागाच्या तीन प्रयोगांतलं शेवटचं ‘संगीत सौभद्र’, आणि दिग्दर्शन माझ्या गळ्यात. अडीच तासांत बसवायचंय. सुभद्रा सुरेख गाते, पण पद सुरू झालं की हातांचं काय करायचं तेच तिला कळत नाही. कृष्णाचं उलटं: अभिनय झकास, सूर गायब. पदं कापू की तालीम वाढवू?

पायपेटी: कापा. 1882 साली हे नाटक आलं तेव्हा प्रेक्षक रात्र जागवायचे, तुमच्यांना शेवटची बस गाठायचीय. नांदी मात्र ठेवा. आणि कृष्णाची पट्टी (कुठला स्वर ‘सा’ धरून गातो ते) तपासलीत का? आमच्या पोराला पेटीवाल्याने नायिकेच्याच काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी ‘सा’ धरून) गायला लावलं होतं. काळी एकवर आणला, सूर लागला!

जुनी खोड: वन्स मोअरची पदं कापाल तर पहिल्या रांगेतले आजोबा विंगेत येऊन भांडतील. (अनुभव आहे.) सुभद्रेला गाता गाता गजरा ओवायला द्या.

विंगेतली: पट्टीच चुकली होती हो! गजऱ्याचा दोरा दुसऱ्याच ओळीला तुटला, फुलं ऑर्गनवाल्याच्या मांडीवर. पण बाई गातच राहिली.