अनुभव धागा: कॅम्पिंगला सुकवलेली फळं आणि सुकं मांस

मंडळी, तीन दिवस तंबूत राहायचंय, स्टोव्ह न्यायचा की नाही ते अजून ठरत नाहीये आणि सॅक तर हलकी हवी. सुकी फळं, सुकं मांस यावर कोणी दिवस काढलेत का? काय सोसलं, काय बाधलं ते लिहा. ऐकीव नको, खाल्लेलं सांगा.

पायवाट: मनुका आणि खजूर, डोळे झाकून. १०० ग्रॅम मनुकांत ३०० च्या आसपास कॅलरी, तेवढ्याच ताज्या द्राक्षांत जेमतेम ७०, म्हणजे पाणी वाहून नेणं वाचतं. चढावर खिशातून काढून चार-चार तोंडात टाकत राहायचं. सुके आलूबुखार मात्र मोजून खा, त्यात पोट सैल करणारं सॉर्बिटॉल असतं. आमच्यातल्या एकाने गप्पांच्या नादात अख्खं पाकीट संपवलं आणि रात्रभर टॉर्च घेऊन झुडपं शोधत होता बिचारा.

चांदणं_०७: जर्दाळू नारिंगी चकचकीत असतील तर रंग टिकवायला सल्फर डायऑक्साइड लावलेलं असतं. भावाला दमा आहे, त्याला ते खाल्लं की छातीत घरघर सुरू होते. आम्ही तपकिरी नेतो, दिसायला कळकट पण चवीला मस्त.

खादाड_भटकी: मांस मी घरीच सुकवते. अर्धवट गोठलेलं असताना कापलं की पातळ पट्ट्या नीट निघतात, साधारण अर्धा सेंटिमीटर. चरबी दिसेल तिथे काढायची, ती सुकत नाही आणि तीच आधी खवट होते. आणि हे महत्त्वाचं, नुसत्या अन्न सुकवायच्या ड्रायरच्या उबेवर विसंबू नका, आधी ओव्हनमध्ये आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस, चिकन असेल तर ७४, एवढं तापवायचं आणि मगच सुकवायचं, कारण पट्टी कोरडी पडत गेली की उरलेले जंतू उष्णतेला दाद देत नाहीत. झालं का बघायला एक पट्टी गार करून वाकवायची, तडा जायला हवा पण तुकडा पडता कामा नये.

पायवाट: ताई, पाण्याचं पण सांगा ना लोकांना! सुक्या मांसात मीठ बक्कळ, खाल्लं की घसा कोरडा. वाटेत पाणी नसेल तर मी ते पाकीट उघडतच नाही.

बिनघाई: पेमिकन केलंय का कोणी? उत्तर अमेरिकेतले क्री वगैरे लोक सुकं मांस कुटून त्यात वितळवलेली चरबी घालायचे, कधी बेरीपण. स्कॉट-शॅकलटनच्या अंटार्क्टिका मोहिमांत तेच पाण्यात उकळून वर बिस्किटाचा चुरा टाकून खायचे, त्याला हूश म्हणायचे. मी हौसेने केलं. नुसतं खाल्लं तर मेणबत्ती चघळल्यासारखं लागतं, उकळलं की बरंच सुधारतं आणि कडाक्याच्या थंडीत पोटाला आधार होतो. उन्हाळ्यात नको, चरबी पाघळते आणि सॅकभर वास.

चांदणं_०७: वासावरून आठवलं, रात्री हे तंबूत ठेवू नका हं. उंदीरसुद्धा कापड कुरतडून आत येतात.

धागाकर्ती: भारी माहिती! म्हणजे स्टोव्ह नेतेच. @खादाड_भटकी, एवढ्या पातळ पट्टीचं तापमान बघता कसं? थर्मामीटर आरपार जाईल की.

खादाड_भटकी: खुपसायचाच नाही, पट्टी चिमट्याने धरून सुईभोवती गुंडाळायची आणि आकडा थांबेपर्यंत धरून ठेवायची. सगळ्यात जाड पट्टी घे बघायला.