नारू गेला, पण श्रेय कुणाचं?

रामबागकर
'बावड्या वाचवा' अशी हाक इंदुरात हल्ली वरचेवर ऐकू येते. वाचवा, जरूर. पण याच पायऱ्यांच्या विहिरींनी शेजारच्या झाबुआ-धारच्या गावांना नारू, म्हणजे पाण्यातून होणारा जंताचा रोग दिला, हेही सांगा. रुग्ण पाण्यात उतरला की पायावरचा फोड फुटतो, अळ्या पाण्यात सुटतात, त्या सायक्लॉप्स हा पाण्यातला बारीक जीव खातो आणि तोच घागरीतून दुसऱ्याच्या पोटात जातो. वर्षभराने पायातून दोन-अडीच फुटांचा जंत बाहेर येतो. यावर ना लस, ना औषध. तरी १९८३-८४च्या राष्ट्रीय मोहिमेने तो संपवला. जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. सरकारी यंत्रणेला उठसूट नावं ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

माळवावासी
मध्य आशियातल्या बुखाऱ्यात १९३१च्या सुमारास नारू संपला होता, पाण्याची जुनी कुंडं बंद करून. उपाय तेव्हापासून माहीत होता. मग आपली मोहीम पन्नास वर्षांनी का? कारण नारूने माणूस सहसा मरत नाही, अंथरुणाला खिळतो. तोही खेड्यातला. जंत रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळायचा, ओढताना तुटला तर पाय सुजून पू होणार. हे ऐन उन्हाळ्यात, पेरणीच्या तोंडावर! नळ पोचला असता तर मोहिमेची वेळच आली नसती. श्रेय पाण्याचं, तेही उशिरा आलेल्या.

सुदामानगरची मावशी
उशीर झाला हे खरंच, पण नुसत्या पाण्याने नारू गेला हे मला पटत नाही. हँडपंप आला तरी बायका विहिरीवरच जायच्या, त्याच्या पाण्याला लोखंडाची चव लागते म्हणून. १९८४ साली सात राज्यांत चाळीस हजारांच्या घरात रुग्ण होते. ते कुणी शोधले? घरोघर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांनीच ना! पाणी दुहेरी कापडातून गाळायला शिकवणं, विहिरीत सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस हे रसायन टाकणं, जखम बांधून रुग्णाला पाण्यात उतरू न देणं, सगळं त्यांनीच केलं. पुढे तर रुग्ण कळवणाऱ्याला रोख बक्षीसही होतं.

माळवावासी
मावशी, त्यांचे कष्ट मी नाकारत नाही. पण 'पाण्यात उतरू नका' हे सांगायचं कुणाला? उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की शेवटच्या पायरीवर उभं राहूनच घागर भरावी लागते. दुसरी सोय न देता दिलेला उपदेश म्हणजे दोष गावावर ढकलणं.

रामबागकर
विहिरींना कठडे बांधून पायऱ्या बंद करणं, हँडपंप बसवणं हा मोहिमेचाच भाग होता. नुसता उपदेश कुठे होता?

सुदामानगरची मावशी
आणि पाय सुजलेल्या बाईच्या घरात तिच्यासाठी पाणी कोण भरत होतं, हेही त्या कर्मचाऱ्यांनाच विचारावं लागलं. जखमेवर पट्टी बांधली तरी घागर तिच्याच डोक्यावर होती. दुसरं कुणी पाण्याला जाईपर्यंत ती विहिरीत उतरणारच.