मॅचमध्ये पगारावर बोलताच येत नाही, हे कायद्यात बसतं का?

मीनल: इथल्या सीनियर्सना विचारते. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे हॉस्पिटलमधल्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अर्ज करणार आहे. मॅचचा, म्हणजे अर्जदार आणि हॉस्पिटलं यांच्या पसंतीयाद्या जुळवून जागा ठरवणाऱ्या पद्धतीचा, करार वाचला. मार्चमध्ये जिथे नाव लागेल तिथे जायचंच, पगार आधीच ठरलेला. सगळ्या हॉस्पिटलांनी मिळून असं करणं अमेरिकेच्या अँटीट्रस्ट कायद्यात (संगनमताने स्पर्धा दाबण्याविरुद्धचा कायदा) चालतं?

अनघा, रेसिडेन्सीचं तिसरं वर्ष: मीनल, हाच प्रश्न घेऊन डॉक्टर कोर्टात गेले होते. मे २००२, वॉशिंग्टन, जंग विरुद्ध एएएमसी (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना). मॅचमुळे हॉस्पिटलांना आपल्यासाठी चढाओढ करावी लागत नाही, म्हणून पगार दबलेले राहतात, असा दावा. फेब्रुवारी २००४ मध्ये न्यायाधीश फ्रीडमन यांनी मुख्य दावा पुढे चालू दिला. लगेच एप्रिलमध्ये संसदेने पेन्शनच्या कायद्यात कलम २०७ घुसडलं: मॅच चालवणं किंवा त्यात भाग घेणं बेकायदा नाही, आणि अशा खटल्यात तो पुरावा म्हणूनही चालणार नाही. चालू खटल्यालाही लागू! ऑगस्टमध्ये दावा फेटाळला गेला. मला याचा आजही संताप येतो. कोर्टात हरले असते तर गोष्ट वेगळी. इथे सुनावणी पूर्णच होऊ दिली नाही. माझ्या हातात करार आला तेव्हा पीजीवाय-१, २, ३ (प्रशिक्षणाचं पहिलं, दुसरं, तिसरं वर्ष) असा पगाराचा तक्ता होता आणि खाली सहीची जागा. आठवड्याला ८० तासांपर्यंत काम, आणि पार्किंगचे पैसेही आमच्याच पगारातून कापतात.

सुहास, अटेंडिंग (प्रशिक्षण संपवलेला वरिष्ठ डॉक्टर): अनघा, संताप पटतो, पण मॅच मोडू नये असं मला वाटतं. १९५२ च्या आधी हॉस्पिटलं तारेने ऑफर द्यायची आणि काही तासांत होकार मागायची. आम्हा परदेशी पदवीधरांना २०१३ च्या आधी प्रीमॅच, म्हणजे मॅचच्या बाहेर थेट करार, असायचा. समोर कागद, विचार करायला जेमतेम वेळ, आणि व्हिसाच्या धास्तीने लोक सही करून टाकायचे.

अनघा: सर, मॅच राहू दे. १९९८ पासून त्याचं गणित अर्जदाराच्या पसंतीच्या बाजूने आहे. पण कलम २०७ मध्येच लिहिलंय की हॉस्पिटलांनी संगनमताने पगार ठरवले तर त्याला संरक्षण नाही. तो भाग कोणी उच्चारत नाही. आपल्याकडे मार्ड ही निवासी डॉक्टरांची संघटना स्टायपेंडसाठी संपावर जाते, इथे रेसिडेंटांची युनियन वाटाघाटी करते, पण सगळीकडे ती नाही. मीनल, रँक लिस्ट (मॅचसाठीची पसंतीयादी) भरण्याआधी कराराचा नमुना हातात घे आणि युनियन आहे का, हे तिथल्या रेसिडेंटांनाच विचार.

मीनल: व्हिसा लागणाऱ्यांनी युनियनबद्दल विचारलं तर प्रोग्रॅमवाले नाराज होतात का?

अनघा: म्हणून तर रेसिडेंटांना विचार म्हटलं, प्रोग्रॅम डायरेक्टरला नाही. इंटरव्ह्यू प्रत्यक्ष असेल तर त्या दिवशी जेवणाच्या वेळी ते बहुधा प्रोग्रॅमवाल्यांशिवाय भेटतात.