शेवट ठाऊक असूनही
रहस्य फुटलं की थरारकादंबरी संपली, असं काही जण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल', म्हणजे फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला निघालेल्या भाडोत्री मारेकऱ्याची गोष्ट, आली १९७१ साली. द गॉल त्याच्या आदल्याच वर्षी नैसर्गिक मृत्यूने गेले होते. म्हणजे मारेकरी फसणार, हे पहिल्या पानापासून माहीत! तरी चर्चगेटला अख्खा डबा रिकामा झाला तरी पुस्तक मिटवत नाही.

कारण तपशील. लहानपणीच वारलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर हा मारेकरी पासपोर्ट कसा काढतो, कुबडीच्या नळ्यांत रायफल कशी लपवतो, हे फोर्साइथ इतकं सावकाश, कामाच्या शिस्तीत सांगतो की आपण नकळत त्या खुन्याच्याच बाजूने श्वास रोखून बसतो. (पत्रकार होता ना तो!) धक्कातंत्रवाल्यांना हे जमत नाही.