आईला बाथरूममध्ये जाणं जड जातंय, घरात काय बदल करू?

अनघा, डोंबिवली:
आई ७६ वर्षांची. खुब्याचं ऑपरेशन होऊन हाड छान जुळलंय, वॉकर घेऊन ती हॉलमध्ये नीट चालते. अडतं ते बाथरूमपाशी. दारात सहा इंची उंबरा आणि दार सव्वादोन फुटी, तेही आत उघडणारं. मग ती वॉकर बाहेर ठेवते आणि टॉवेलच्या दांडीला धरून आत उतरते. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही, हे मला परवा कळलं. भाऊ म्हणतो, सरळ डायपर लावूया. आई म्हणते, "मला जाता येतं गं, तेवढं त्या उंबऱ्याचं बघ." मला तिचं पटतं. कुणी असं काम करून घेतलंय का?

श्रीकांतकाका, ठाणे:
मी बांधकामातला माणूस. उंबरा तोडू नका, तो पाणी अडवतो. रॅम्पला एकास बारा उतार लागतो, म्हणजे सहा इंचांना सहा फूट. तेवढी जागा पॅसेजमध्ये नसणार. बाहेर तीन इंचांची रुंद पायरी बांधा, वॉकरचे चारही पाय तिच्यावर मावले पाहिजेत. दार आधी बाहेर उघडणारं करून घ्या. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं, ढकलता येत नाही. टॉवेलची दांडी वजन पेलत नाही, तिचा भरवसा आजपासून सोडा. चौकटीशेजारी उभा आणि कमोडशेजारी आडवा स्टीलचा ग्रॅब बार, म्हणजे आधाराला धरायचा भक्कम दांडा, लावा. भिंतीवरची फरशी वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर तिथे बोल्ट मारू नका.

मीनल, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजारपणानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी):
अनघाताई, डायपर नको. पाय चालतोय, अडवतंय घर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणातही अपंगत्व नुसतं शरीरात धरलेलं नाही, भोवतालची अडचणही त्यात मोजली आहे. पाणी तोडल्याने चक्कर येते, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठता वाढते. ते आधी थांबवा. काम होईपर्यंत रात्रीपुरती पलंगाशेजारी कमोड खुर्ची ठेवा. खुब्याच्या ऑपरेशननंतर खोल बसायचं नसतं, म्हणून कमोडवर रेझर, म्हणजे बैठक उंच करणारी जोडसीट, बसवा. अंघोळीला प्लास्टिकचं हलकं स्टूल नको, रबरी बुडांची खुर्ची घ्या. नवी पायरी चढायला आधी फिजिओथेरपिस्टसमोर शिकू दे. वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे: वय ६५ च्या पुढे आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असेल तर एकदा तीन हजार रुपये खात्यात येतात.

अनघा:
दोघांचेही मनापासून आभार. भावाला हे सगळं वाचून दाखवलं, रविवारी सुतार येतोय. कमोड खुर्ची आजच आणली, आई रात्री जेवताना पेलाभर पाणी प्यायली. आता जिन्याचं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि कठडा एकाच बाजूला. उतरताना तो तिच्या दुखऱ्या पायाच्या बाजूला येतो, त्यामुळे ती ऑपरेशनपासून खाली गेलेलीच नाही. भिंतीच्या बाजूने दांडी लावायला सोसायटीकडे कुणी अर्ज केला असेल तर मसुदा इथे टाका.