कैफियतीची मुदत कोण बदलतं?

दिवाणी कोर्टाचा एखादा नियम बदलायचा तर विधानसभेत बिलच आणावं लागेल, असं कुणी म्हणालं तर ते अर्धंच बरोबर आहे. विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात असा, त्यामुळे विधानसभा बदल करू शकतेच. पण १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे दोन भाग आहेत: कलमं आणि मागे जोडलेल्या पहिल्या अनुसूचीतले आदेश व नियम. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, किती दिवसांत द्यायची, समन्स कसं बजावायचं हे सगळं या मागच्या भागात. आणि कलम १२२ नुसार तो भाग हायकोर्ट स्वतः बदलू शकतं.

त्यासाठी समिती असते: हायकोर्टाचे तीन न्यायाधीश, दोन वकील, खालच्या दिवाणी कोर्टाचा एक न्यायाधीश. (पक्षकार एकही नाही, हे मला कायम खटकतं.) मसुदा आधी प्रसिद्ध करायचा, राज्य सरकारची मंजुरी घ्यायची, मग राजपत्र. मूळ कलमांशी विसंगत नियम मात्र टिकत नाही.

आमच्या सीनियरांच्या जाडजूड पुस्तकात नियमाखाली बारीक टायपात ‘मुंबई’ असं छापून मुंबई हायकोर्टाने केलेला बदल दिलेला असायचा. जुनिअर असताना ते न वाचता मी कोर्टात उभा राहिलो आणि न्यायाधीश साहेबांनी शांतपणे पान उलटायला सांगितलं.

मुंबईकरांनी आणखी एक बघावं. हायकोर्टात थेट दाखल होणाऱ्या दाव्यांना ओरिजिनल साइडचे १९८०चे वेगळे नियम आहेत. फोर्टात चार पावलांवरच्या सिटी सिव्हिल कोर्टात ते चालत नाहीत.