मदत हवी आहे: ब्रेल नोटटेकरमधल्या एसडी, बीआरएफ, एचआयडी या आद्याक्षरांचं करायचं काय?

नमस्कार. मी जन्मांध आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. पाठाचं टाचण आजवर पाटी-स्टायलसवरच काढलं. गेल्या महिन्यात २० सेलचं नोटटेकर घेतलं, म्हणजे एका वेळी २० ब्रेल अक्षरं बोटांखाली उठवणारं लिहिण्या-वाचण्याचं यंत्र. लिहिण्यात अडचण नाही. सहा कळा आणि स्पेस, पर्किन्स या ब्रेल टंकयंत्रावर बसलेला हात इथेही लगेच बसला. अडतं ते मेनूत.

मेनू इंग्रजी संक्षिप्त ब्रेलमध्ये आहे, म्हणजे शब्द आखूड करून लिहिलेल्या. एका ओळीवर बोट गेलं आणि मी वाचलं ‘सेड कार्ड’. म्हणाला कार्ड? दोन दिवस अर्थच लागला नाही. मग मुलाने सांगितलं, ते एसडी कार्ड आहे. मराठी ब्रेलच्या सवयीने वाचायला गेलं तर आणखी वेगळं होतं: एसडीचं ‘सद’, यूएसबीचं ‘उसब’. टिंबं तीच, भाषा बदलली की अक्षर बदलतं.

फोनला विचारलं तर तो फक्त लांब रूप सांगतो. यूएसबी म्हणजे युनिव्हर्सल सीरियल बस, हे कळून माझं काम पुढे सरकत नाही. मला हवंय ते असं, की ही अक्षरं बोटाखाली आली तर मी काय करायचं.

आत्ता अडलेलं सांगते. ६४ जीबीचं कार्ड घातलं तर यंत्र म्हणतं कार्डच नाही. सहकारी बाईंनी मराठी टाचणाची टीएक्सटी फाइल पाठवली, तिच्यात नुसती प्रश्नचिन्हं. माझी स्वतःची बीआरएफ फाइल फोनवर उघडली तर ‘मराठी’ या शब्दाच्या जागी फोन म्हणाला, ‘एम, आर, ग्रेटर दॅन, डब्ल्यू, नाइन’. आणि यूएसबीच्या मेनूत मास स्टोरेज की एचआयडी, असं विचारतात. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मीही ब्रेलवालाच. ‘सेड’चं आधी सांगतो. संक्षिप्त ब्रेलमध्ये एस-डी म्हणजे ‘सेड’, सी-डी म्हणजे ‘कुड’, जी-डी म्हणजे ‘गुड’. म्हणून आद्याक्षरं असतील तर त्यांच्या आधी ५-६ टिंबांचं अक्षरचिन्ह येतं (सेलच्या सहा टिंबांना १ ते ६ क्रमांक असतात), मग कॅपिटलसाठी दोनदा ६ क्रमांकाचं टिंब. ५-६ लागलं की समजायचं, पुढे सुटी अक्षरं आहेत. सुरुवातीला मेनूचं ब्रेल असंक्षिप्त करून ठेवा, सेटिंगमध्ये सोय असते. आद्याक्षरं ओळखीची झाली की परत संक्षिप्तवर या.

कार्डाचं कारण बहुधा एफएटी३२. कार्डावर फाइली मांडायची ती एक पद्धत आहे, आणि बरीच ब्रेल यंत्रं तेवढीच ओळखतात. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सएफएटी पद्धतीने मांडलेली येतात. ३२ किंवा त्याहून लहान कार्ड घ्या. जागा कमी पडेल ही काळजी नको. ब्रेलचं नेहमीचं पान ४० सेलच्या २५ ओळींचं, म्हणजे जास्तीत जास्त १००० सेल, साधारण १ केबी. एका एमबीत हजारभर पानं मावतात, आणि जीबीत तशा हजारभर एमबी. अख्ख्या शाळेची पुस्तकं बसतील.

प्रतिसाद २

बीआरएफबद्दल मी सांगते, कारण इथेच सगळे गोंधळतात. लांब रूप ब्रेल रेडी फॉरमॅट. या फाइलमध्ये मराठी नसतंच, इंग्रजीही नसतं, फक्त टिंबांचे आकार असतात. सहा टिंबांचे ६४ आकार होतात (रिकामा सेल धरून), आणि प्रत्येकाला कीबोर्डवरचं एकेक चिन्ह नेमून दिलंय. तुमच्या ‘मराठी’त म म्हणजे एम, र म्हणजे आर, काना ३-४-५ म्हणून ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, ठ २-४-५-६ म्हणून डब्ल्यू, दीर्घ ई ३-५ म्हणून नऊ. फोनने अगदी बरोबर वाचलं, फाइल बिघडलेली नाही. बीआरएफ बोटांसाठी. डोळसांना किंवा फोनला द्यायचं असेल तर टीएक्सटी किंवा डीओसीएक्स द्या.

प्रश्नचिन्हांचा दोष पाठवणाऱ्या बाजूला आहे. नोटपॅडमध्ये फाइल एएनएसआय या जुन्या अक्षर-पद्धतीत साठवली की देवनागरी टिकत नाही, अक्षरं कायमची जातात. बाईंना सांगा, ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना एन्कोडिंगच्या जागी यूटीएफ-८ निवडा आणि फाइल नव्याने पाठवा. जुनी दुरुस्त होणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

प्रतिसाद ३

राहिलं एचआयडी. ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस, म्हणजे कीबोर्ड-माऊसच्या जातीचं साधन. ब्रेल डिस्प्लेसाठी तसं मानक २०१८ मध्ये जाहीर झालं. संगणकावरचा मजकूर एनव्हीडीए या स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत बोटांखाली हवा असेल तेव्हा एचआयडी. फाइली कार्डावर टाकायच्या असतील तेव्हा मास स्टोरेज, मग यंत्र पेनड्राइव्हसारखं दिसतं. मास स्टोरेजमधून बाहेर पडताना ‘इजेक्ट’ केल्याशिवाय वायर ओढू नका, फाइल अर्धवट राहते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ५-६ चं चिन्ह तिथे होतंच, माझं बोट घाईने पुढे गेलं होतं. १६ जीबीचं कार्ड लगेच ओळखलं. बाईंनी यूटीएफ-८मध्ये पाठवलेलं टाचण आज वर्गात बोटांनी वाचत शिकवलं, एका हाताने वाचत आणि दुसऱ्याने फळ्यावरची चित्रं दाखवत. एक शेवटचं: डाउनलोड केलेल्या बीआरएफमध्ये प्रत्येक ओळ मध्येच तुटते.

प्रतिसाद २

ती ओळ ४० सेलची, तुमचं यंत्र २० चं, म्हणून एक ओळ दोन हप्त्यांत येते. मूळ मजकूर मिळत असेल तर त्याचं ब्रेलमध्ये रूपांतर करताना ओळीची लांबी २० ठेवून नवी बीआरएफ बनवा. एनव्हीडीए ज्या लिबलुई या ब्रेल-रूपांतराच्या सॉफ्टवेअरवर ब्रेल दाखवतं, त्यात मराठीचा तक्ता आहे. लिबलुई वापरणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात, त्यांतलं एखादं घ्या.